गाऱ्हाणे आणि गान

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आपण आम्हांस प्रेमाची आज्ञा केलीत, आणि विषय निवडण्याचा भारही आम्हांवरच टाकलात. अशा प्रसंगी बहुधा मंदिराची पायाभरणी, शाळेची वाढ, पूर्वीच्या धर्मगुरूंचे कष्ट ह्यांचा वृत्तांत सांगण्याची रीत आहे. परंतु तो वृत्तांत जाणत्या मंडळींनी ह्याच पुस्तिकेसाठी स्वतंत्रपणे लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्ही आज आपल्या गाण्याविषयी बोलू इच्छितो, आणि तेही अशा गाण्याविषयी, जे सुखाच्या दिवशी नव्हे तर संकटाच्या रात्री श्रद्धावंतांच्या कंठातून निघाले.

हा विषय ज्युबिलीशी विसंगत आहे असे कोणास वाटल्यास त्याने 'ज्युबिली' ह्या शब्दाचेच मूळ पाहावे. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, ऋणकऱ्यास मुक्त करावे, गमावलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी असा दंडक आहे. आणि त्या वर्षाचा आरंभ देशभर शिंग फुंकून करावयाचा असे. ते शिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे? मेजवानीच्या दिवशी नव्हे. प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्या दिवशी सर्व लोक उपाशी राहून आपल्या पापांबद्दल शोक करीत, त्या दिवशी. म्हणजे आनंदवर्षाचा पहिला सूर उपवासाच्या कोरड्या ओठांतून निघत असे. हे ध्यानी घेतले म्हणजे दुःख आणि गान ह्यांचे नाते आम्ही आज बळेच जोडीत नसून ते मुळातच आहे, हे आपल्या लक्षात येईल.

पवित्र शास्त्रातील गाऱ्हाणे

आपल्या धर्माचे सर्वांत जुने गीतपुस्तक म्हणजे स्तोत्रसंहिता. तीत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांत स्तुती आहे, उपकारस्मरण आहे, राजाच्या अभिषेकाचे गौरवगान आहे. परंतु जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. शत्रूने गांजलेला, रोगाने खंगलेला, मित्रांनी टाकलेला मनुष्य देवासमोर उभा राहून 'कोठवर?' असे विचारतो. त्यांतील बहुतेक गाऱ्हाण्यांचा शेवट विश्वासाच्या शब्दांनी होतो. तथापि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असे आहे की ते अंधारातच संपते; त्यात पहाट नाही. तेही पवित्र आत्म्याने शास्त्रातून वगळले नाही. बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचे स्तोत्रही तेथेच आहे. पकडून नेणारे गाणी मागतात आणि ह्यांच्या वीणा झाडांवर टांगलेल्या. परंतु गाता येत नाही हे सांगण्याकरिताही त्यांनी गीतच रचले!

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गाऱ्हाणे करणे म्हणजे श्रद्धा गमावणे, असा पुष्कळ भाविकांचा समज असतो. घरात मृत्यू झाला असता एखादी माता देवास जाब विचारू लागली की शेजारणी तिला गप्प करतात. परंतु विचार करा, ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्यापाशी गाऱ्हाणे कोण घेऊन जाईल? लेकरू रडत आईकडेच धावते. परक्याच्या दारी ते रडत नाही. नास्तिकाचे दुःख भिंतीस सांगितलेले असते. स्तोत्रकर्त्याचे दुःख देवास सांगितलेले आहे. म्हणून गाऱ्हाणे ही श्रद्धेची उणीव नसून कित्येकदा तिचा शेवटचा, घट्ट धरलेला धागा असतो.

आपल्या तारणाऱ्याने हेच केले. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे संत मार्क व संत मत्तय सांगतात. गेथशेमानीचा घाम समोर असताना प्रभू गायिला! आणि क्रूसावर, देवाने टाकल्याची जी आर्त हाक त्याने मारली, ती बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आहे. ते स्तोत्र टाकलेपणाने सुरू होते आणि मोठ्या मंडळीत देवाची स्तुती करण्याच्या निश्चयापर्यंत पोहोचते. प्रभूने आपल्या मरणाच्या घटकेस नवे शब्द शोधले नाहीत. लहानपणी शिकलेले गीत त्याच्या ओठी आले. आपल्या मुलांस आपण कोणती गीते पाठ करवितो हा प्रश्न किती गंभीर आहे हे ह्यावरून दिसेल. मरणकाळी मनुष्याजवळ जे शब्द असतात, ते बहुधा बालपणीचेच असतात.

प्रेषितांची हीच रीत. फिलिप्पै नगरात संत पौल व सीला ह्यांस फटके मारून, पाय खोड्यांत अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करीत देवाची गीते गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लिहिले आहे. आपण भूमिकंपाने तुरुंगाची दारे उघडली हे लक्षात ठेवतो. परंतु गाणे भूमिकंपाच्या आधीचे आहे. दारे बंद असतानाच ते गायिले गेले.

मिलान नगरातील रात्र

ख्रिस्तसभेच्या इतिहासात ह्याचे एक ठळक उदाहरण सांगतो. इ. स. 386 साली मिलान नगरात सम्राटाची माता जस्टिना हिने तेथील मंदिर एरियसपंथीयांस द्यावे म्हणून संत अँब्रोज ह्यांजवर सैन्याचा दाब आणला. भाविक लोक आपल्या बिशपाबरोबर मरण्याच्या तयारीने मंदिरात रात्रंदिवस बसून राहिले. लोक चिंतेने व थकव्याने खचून जाऊ नयेत म्हणून अँब्रोज ह्यांनी पूर्वेकडील मंडळ्यांच्या रीतीने स्तोत्रे व गीते सर्व लोकांकडून गाववून घेण्यास प्रारंभ केला. त्या गर्दीत संत मोनिका होती. तिचा पुत्र ऑगस्टीन तेव्हा बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. पुढल्याच वर्षी, 387 च्या पुनरुत्थान सणास, त्याने तो घेतला. त्या मंदिरातील गीते ऐकून आपले डोळे वाहू लागले आणि सत्य हृदयात झिरपले, असे त्याने आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात नमूद केले आहे. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत सर्व लोकांनी मिळून गाण्याची ही चाल पहाऱ्याच्या रात्री, तलवारींच्या सावलीत रुजली. आज आपण आरामात बाकावर बसून गातो, तेव्हा तिचा जन्म कोठे झाला ह्याचा विसर पडू नये.

आमच्या मराठीतील पहिली ओवी

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीत ख्रिस्ताचे गान ज्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर रचिले, ते फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंड देशात 1549 साली जन्मले. त्या देशात तेव्हा कॅथोलिक श्रद्धा हा गुन्हा ठरला होता. त्यांचा जिवलग स्नेही थॉमस पाउंड ह्यास आपल्या धर्मासाठी सुमारे तीस वर्षे तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोम येथे येशूसंघात दाखल झाले आणि 1579 च्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यास पोहोचले. तेथून ते 1619 साली झालेल्या मृत्यूपर्यंत मायदेशी परतले नाहीत. परदेशी जन्मलेल्या ह्या पुरुषाने मराठी भाषा इतकी आपलीशी केली की दगडांत रत्न शोभावे तशी ती इतर भाषांत शोभते, अशी तिची थोरवी त्यांनी गायिली. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या दोन भागांत मिळून दहा हजार नऊशेंहून अधिक ओव्या आहेत. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे तो ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला.

त्यांनी ओवी निवडली ह्यात मोठे शहाणपण होते. ओवी हे पंडितांच्या घरापुरते वृत्त नव्हे. ज्ञानेश्वर महाराजांनी तीत गीतेचा अर्थ सांगितला, आणि आमच्या आयाबायांनी तीतच जात्यावर आपले सुखदुःख सांगितले. पहाटेच्या अंधारात, दळणाच्या घरघरीबरोबर, सासुरवाशिणीने जे कोणास सांगता येत नाही ते ओवीस सांगितले. ज्या वृत्तात आपले लोक आधीच रडत होते, त्याच वृत्तात फादर स्टीफन्स ह्यांनी त्यांस ख्रिस्ताचे दुःखसहन ऐकविले.

त्या ओव्यांची कसोटी पुढे लागली. 1684 साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा काढली आणि तेथे देशी भाषेतील धर्मवाङ्मयास ओहोटी लागली. आज त्या आरंभीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत ठाऊक नाही. पुराण वाचले ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या कंठांत. त्याच शतकांत गोव्याहून अनेक कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांती गेली होती. त्यांच्या वंशजांवर 1784 साली घोर संकट आले. टिपू सुलतानाने मंगळूरच्या बाजूच्या हजारो कॅथोलिकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेले. वाटेत व बंदिवासात पुष्कळ मरण पावले. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेले सुटले. पंधरा वर्षे त्यांजपाशी मंदिर नव्हते, मिस्साबलिदान नियमाने होत नव्हते. त्या काळात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांस धीर दिला, असे त्या समाजाची परंपरा सांगते. त्याच मंगळुरात 1907 साली जोसेफ साल्डाना ह्यांनी हस्तलिखिते ताडून हे पुराण पुन्हा छापले, म्हणून ते आज आपल्या हाती आहे. सुलतान गेला, पोर्तुगीज सत्ता गेली, ओवी राहिली.

टिळक पतिपत्नी

आपल्या उपासनेत जी मराठी गीते गायिली जातात, त्यांतील काही रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची आहेत. ते आमच्या मंडळीचे नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. परंतु उत्तम गीत पंथाच्या कुंपणापाशी थबकत नाही. 1861 साली जन्मलेल्या ह्या कवीने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय पडली हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात वाचावे. आप्तांनी संबंध तोडले. पतिपत्नींची ताटातूट झाली. ती जवळजवळ पाच वर्षे टिकली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. परंतु विरहाच्या त्या वर्षांत त्यांचे दुःख कवितेच्या रूपाने बाहेर पडू लागले. 1900 साली, कोणाच्या बळजबरीने नव्हे, आपल्या मनाचा पुरता शोध घेऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम ह्या विधवा बाईने अंगावर घेतले.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, ह्या आशयाचे टिळकांचे बोल प्रसिद्ध आहेत. तुकाराम महाराजांची वाणीही कोठे पिकली? 1630 च्या भयंकर दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. त्या राखेतून ते देवाकडे वळले. ह्या महाराष्ट्रभूमीस दुष्काळाचे आणि भक्तीचे नाते नवे नाही. म्हणून टिळकांनी जेव्हा अभंगाच्या चालीवर ख्रिस्त गायिला, तेव्हा तो आमच्या लोकांस परका वाटला नाही.

आमचा मराठवाडा

बंधुभगिनींनो, आम्ही राहतो तो प्रदेश गाण्याचा आहे. एकनाथ महाराज पैठणचे, जनाबाई गंगाखेडची, नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नरसी दाखविली जाते, आणि तीच नामदेवांची पदे शीखधर्मीयांच्या आदिग्रंथात जाऊन बसली. नांदेडास गोदातीरी, जेथे 1708 साली गुरू गोविंदसिंह ह्यांनी देह ठेविला, तेथे सचखंड श्री हजूर साहिबात कीर्तनाचा सूर नित्य ऐकू येतो. शेजारी लोक आपल्या देवास इतक्या निष्ठेने गात असता आपण आपल्या प्रभूस अर्ध्या मनाने गावे, हे आम्हांस शोभत नाही.

आपल्या मंडळीची आठवण करा. ज्युबिलीच्या पुस्तिकेत धर्मगुरूंची छायाचित्रे असतात आणि ती असावीतच. परंतु ज्या धर्मशिक्षक मास्तरांनी खांद्यावर पेटी घेऊन, कंदिलाच्या उजेडात, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून भजने शिकविली, त्यांचे छायाचित्र बहुधा कोणापाशीच नसते. तेव्हा मिस्साबलिदान लॅटिन भाषेत होत असे. 4 डिसेंबर 1963 रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा आदेश प्रसिद्ध केला, त्यानंतर आमची मायबोली वेदीपाशी आली. त्याच आदेशाच्या एकशे एकोणिसाव्या कलमात, ज्या लोकांस स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या त्या परंपरेस योग्य मान द्यावा, असे सांगितले आहे. अर्थात पेटी, तबला, ढोलकी आणि टाळ हे परिषदेच्या वचनाने वेदीजवळ आले आहेत; ते कोणाच्या हौसेने आले नाहीत. पुढे 17 डिसेंबर 1977 रोजी औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली आणि मराठवाड्यातील विखुरलेल्या कळपास आपला स्वतंत्र मेंढपाळ लाभला.

दोन संकटे

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा विषय घेतला.

1993 च्या सप्टेंबर महिन्याची 29 तारीख अनंत चतुर्दशीची होती. गणपतीचे विसर्जन करून, थकून, गावे झोपली. दुसऱ्या दिवशी, 30 तारखेस, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ह्या बाजूची भूमी हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद, उन्हाळ्यात जे घर थंड ठेवीत असे, तेच क्षणात थडगे झाले. सुमारे दहा हजार माणसे गेली. मदतीस सर्व धर्मांचे, सर्व पंथांचे लोक धावले. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. परंतु भाकरी, घोंगडी आणि पत्रे पोहोचविल्यानंतरही एक प्रश्न उरतो. ज्याच्या घरातील सर्व माणसे गेली, त्याच्यासमोर उभे राहून आम्ही कोणते गीत गावे?

दुसरे संकट आवाज न करता येते. 2016 साली लातूर नगरास पिण्यास पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून 'जलदूत' नावाची आगगाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून आली. 12 एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. गाडीने आलेल्या पाण्याची छायाचित्रे देशभर गेली. परंतु ज्याच्या विहिरीने तळ दाखविला, सोयाबीन करपले, सावकाराचे व बँकेचे तगादे थांबले नाहीत, आणि ज्याने एके रात्री कोणास न सांगता आपले जीवन संपविले, त्याच्या घराकडे छायाचित्रकार फार वेळ थांबत नाही. मराठवाड्यात अशी घरे थोडी नाहीत. त्या घरासमोर आम्ही कोणते गीत गावे?

हा प्रश्न आम्ही केवळ अलंकार म्हणून विचारीत नाही. अलीकडे आपल्या तरुण मंडळींत अशी गीते फार आवडीची झाली आहेत, ज्यांत विश्वास ठेविताच रोग पळतो, कर्ज फिटते, शत्रू हरतो आणि भक्त विजयाने नाचतो. त्यांचा ठेका जोरदार असतो; कित्येकदा चाल चित्रपटाची असते. उत्साहास आमचा विरोध नाही. देवाच्या कोशासमोर राजा दावीदही नाचला. परंतु ज्या मंडळीच्या गीतपुस्तकात केवळ विजय आहे, त्या मंडळीत हरलेल्या मनुष्यास जागा कोठे? ज्या विधवेने नवऱ्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना केली आणि तरी तो गेला, तिच्या कानी ते गीत पडते तेव्हा ते तिला सांगते की तुझाच विश्वास अपुरा होता. हे शुभवर्तमान नव्हे. ईयोबाच्या मित्रांनी हेच त्यास सांगितले, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर झाला नाही, त्या मित्रांवर झाला.

येथे मातृसभेची शिकवण स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण जुनी समजूत अजून घरोघरी दुःख देते. 1917 च्या धर्मविधिसंहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम होता. 1983 च्या संहितेत तो नियम ठेविलेला नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे की, आत्महत्या हे गंभीर अकृत्य असले तरी घोर मनस्ताप, भीती वा यातना ह्यांनी त्या मनुष्याची जबाबदारी उणी होऊ शकते; अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये; देव आपणांस ठाऊक नसलेल्या मार्गांनी त्यांस पश्चात्तापाची संधी देऊ शकतो; आणि ख्रिस्तसभा त्यांजसाठी प्रार्थना करते. म्हणून अशा घरी दफनाच्या दिवशी गायकमंडळाने जाऊ नये, किंवा गेल्यास गाऊ नये, असे जे कोठे कोठे म्हटले जाते, ते आमच्या धर्मग्रामात चालू देऊ नये. तेथेच जावे. तेथेच गावे. आणि आज ज्यांच्या मनात असा अंधार दाटला असेल, त्यांस आम्ही विनवितो की त्यांनी एकटे राहू नये. कोणत्याही घटकेस घरच्या माणसास, शेजाऱ्यास, डॉक्टरास अथवा धर्मगुरूस हाक मारावी. तीही एक प्रार्थनाच आहे.

खऱ्या गीताची लक्षणे

मग संकटात उपयोगी पडेल असे गीत ओळखावे कसे? आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन लक्षणे सांगतो.

पहिले, ते दुःखाचे नाव घेते. दुष्काळास दुष्काळ म्हणते, मरणास मरण म्हणते. दुसरे, ते दुःख देवाला उद्देशून सांगते. आपल्याशीच कुढत बसत नाही, अथवा लोकांस रडविण्याकरिता त्याचे प्रदर्शन मांडीत नाही. तिसरे, ते देवाने काय करावे ह्याची यादी देत नाही, परंतु देव कोण आहे हे आठवते. मिसरातून सोडविणारा तोच, क्रूसावर चढलेला तोच, तिसऱ्या दिवशी उठलेला तोच. फळाची हमी मागणे आणि देणाऱ्यावर भाव ठेवणे ह्यांत मोठे अंतर आहे.

ह्याचा एक दाखला घ्या. 1833 साली संत जॉन हेन्री न्यूमन, जे तेव्हा अँग्लिकन धर्मसेवक होते, सिसिली बेटात तापाने मरणोन्मुख झाले. बरे होऊन परतताना त्यांचे जहाज वाऱ्याअभावी समुद्रात खोळंबून राहिले. त्या स्थितीत त्यांनी प्रकाशाची याचना करणारे जे गीत लिहिले, ते पुढे महात्मा गांधींस इतके प्रिय झाले की त्याचे गुजराती रूपांतर नरसिंहराव दिवेटिया ह्यांनी केले. त्या गीतात पुढला सारा रस्ता उजळून दाखव अशी मागणी नाही. न्यूमन ह्यांस कॅथोलिक मंडळीत येण्यास त्यानंतर आणखी बारा वर्षे लागली. 1845 साली ते आले. गीत लिहिले म्हणून अंधार त्याच दिवशी सरला नाही. परंतु अंधारात चालण्याचे बळ आले.

आपण काय करावे

ज्युबिली केवळ भाषणांनी साजरी होत नाही. म्हणून चार गोष्टी आपल्या विचारासाठी ठेवितो.

आपल्या आजीबाईंस ज्या जुन्या ख्रिस्ती ओव्या, पाळणे, क्रूसाच्या वाटेची व जपमाळेची गीते पाठ आहेत, ती ह्याच वर्षी वहीत उतरवून घ्यावीत. शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी हे काम करावे. जाती घरांतून गेली. त्यांबरोबर ओव्याही जाऊ लागल्या आहेत. एकेक म्हातारी जाते तेव्हा एक गीतपुस्तक मातीआड होते.

दुसरे, गायकमंडळाने प्रत्येक उपवासकाळात निदान दोन गाऱ्हाण्याची स्तोत्रे मराठी चालीवर बसवून सर्व लोकांस शिकवावीत, ती इतकी की पुस्तकावाचून गाता यावीत. संकट पुस्तक शोधण्यास वेळ देत नाही.

तिसरे, ध्वनिवर्धकाचा आवाज बेताचा असावा. गायकमंडळाचे काम लोकांस गाववून घेणे हे आहे. लोकांचा आवाज बुडविणे हे नव्हे. बेसूर गाणाऱ्या वृद्धाकडे कोणी वळून पाहू नये. त्याचा सूर देव लावून घेतो.

चौथे, ज्या घरी मृत्यू, आजार वा कर्जाचे संकट असेल, त्या घरी आठवड्यातून एकदा चार माणसांनी जाऊन एक गीत गावे आणि बसावे. उपदेश करू नये. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस न बोलता त्याच्याजवळ भुईवर बसून काढले, तेवढेच त्यांचे उत्तम कर्म होते.

शेवटी, पवित्र मरियेकडे पाहू. रोमन सत्तेखाली दडपलेल्या देशातील ती गरीब कुमारी. तिने एलिझाबेथेच्या घरी देवाच्या थोरवीचे गीत गायिले. तीच पुढे क्रूसाजवळ उभी राहिली. तेथे ती गायिल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ती उभी राहिली एवढेच लिहिले आहे. कधी श्रद्धा गाते, कधी ती केवळ उभी राहते; आणि जो गाऊ शकत नाही, त्याच्या वतीने बाकीच्या मंडळीने गावे, ह्यासाठीच देवाने आपणांस एकेकटे न ठेविता मंडळी केले आहे.

ह्या धर्मग्रामाच्या पहिल्या भाविकांनी जे सूर आपणांस दिले, ते आपण पुढल्या पिढीस न मळविता, न विसरता देऊ, अशी कृपा प्रभूने आपणां सर्वांस द्यावी. आपल्या शेतांस पाऊस, घरांस शांती आणि गेलेल्यांस सार्वकालिक विसावा द्यावा. आणि पवित्र मातेच्या मध्यस्थीने, आज जे अश्रू ढाळीत पेरणी करीत आहेत, त्यांस एक दिवस आनंदाने कापणी करताना आपण पाहावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. आमेन.